दरबारात दिलेलं उत्तर

"सुरवाडे, तुमचा अर्ज कुठे अडकलाय?" महासंचालकांनी विचारलं. शोभा सुरवाडेने माझ्याकडे पाहिलं.

धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या हॉलमध्ये दरबार भरला होता. दरबार म्हणजे मुंबईचे सर्वांत मोठे साहेब येतात आणि साधा शिपाईही त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडू शकतो. अट एकच, आधी रीतसर अर्ज दिलेला हवा. राज्य पोलीस दलात अर्ज पायरीपायरीने चढतो. ठाणं, जिल्हा, परिक्षेत्र, मग मुंबई. प्रत्येक पायरीवर साहेबाचा रिमार्क लागतो. धुळे जिल्ह्याचा साहेब मी होतो.

शोभा कंट्रोल रूमला हवालदार. तिचे वडील जळगावला मेहरूणमध्ये एकटे, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. शेजारीण येऊन भरवून जायची. शोभाने जळगावला ट्रान्सफर मागितली होती. तिच्यासारखं वायरलेस सांभाळणारं दुसरं कोणी माझ्याकडे नव्हतं. म्हणून पाच महिने तो अर्ज मी ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

"काय हो?" महासंचालक माझ्याकडे वळले.

"सर, असा अर्ज आमच्याकडे आलेला नाही."

इतक्या सहज बोलून गेलो.

"मग चॅनेल सोडून इथे कशा उभ्या राहिलात?" त्यांनी तिला विचारलं.

"चूक झाली, सर."

तिला लेखी समज मिळाली. म्हणजे सर्व्हिस शीटवर कायमची नोंद.

दरबार आटोपल्यावर हेडक्लार्क नाना केबिनमध्ये आले. दार लोटून हळूच म्हणाले, "साहेब, अर्ज तुमना ड्रॉवरमा शे."

"माहीत आहे, नाना."

ते थांबून राहिले. महासंचालकांची गाडी अजून आवारातच होती. ती निघून जाईपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

मग शोभाला बोलावून नवा अर्ज घेतला, चांगला रिमार्क लिहिला, लगेच फॉरवर्ड केला.

"पहिल्या अर्जाची पोच होती ना तुमच्याकडे?"

"खिशातच होती, सर. पण पुढच्या अर्जावर सही तुमचीच लागणार ना."

ट्रान्सफर महिन्याभरात झाली. शेवटचे सात-आठ महिने वडील तिच्या हातून जेवले. त्या नोंदीमुळे प्रमोशनच्या यादीतून मात्र तिचं नाव गळलं. नोंद काढायला माझं एक पत्र पुरलं असतं. मी खोटं बोललो, एवढंच त्यात लिहायचं होतं. रिटायर होईपर्यंत ते मी लिहिलं नाही.

नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला मला अजून बोलावतात. हाताखालच्या माणसाचा अर्ज आठवड्याच्या आत पुढे पाठवा, असं मी सांगतो. का, ते कोणी विचारत नाही. मीही सांगत नाही.