सोंग कधी खुर्ची देत नाही

गेभार्ड माझा शेजारी होता. आमच्या दोघांच्या परसांमध्ये एकच कुंपण, तेही कमरेएवढं. चाळीसेक वर्षं मी त्या कुंपणावरून त्याच्याशी बोललो, पण त्याच्याबद्दल मला काय ठाऊक आहे असं कुणी विचारलं, तर जवळजवळ काहीच नाही. देवावर त्याचा विश्वास होता का, बायको गेल्यावर तो रडला का, मला सांगता येणार नाही. त्याच्या स्वयंपाकघरात मी पहिलं पाऊल ठेवलं ते त्याला पुरून आल्यावर, कॉफीसाठी. तिथेच त्याची नात फ्रांका म्हणाली, "ओटमारकाका, आजोबांवर तुम्हीच काहीतरी लिहा." मी जन्मभर माउथ ऑर्गनच्या कारखान्यात सूर जुळवत बसलो. लिहिणं म्हणजे वाढदिवसाच्या कार्डापुरतं. तेव्हा नाही म्हणालो. आता लिहितो आहे, कारण त्यातलं जे झाकून ठेवायचं होतं त्याला आता कुणी हरकत घेणार नाही.

गेभार्ड संशयी होता. रेडिओवर ऊन पडणार म्हणाले की हा छत्री घेऊन निघायचा. परसातल्या खोपट्याला दोन कुलपं, आणि दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत. एका हिवाळ्यात मी माझ्या दारातलं बर्फ त्याच्या हद्दीत ढकलतो असा त्याला संशय आला, आणि बर्फ वितळेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. वितळल्यावर म्हणाला, "आता पुरावाच राहिला नाही, म्हणून सोडतो."

पण गावात त्याला मान होता तो सोंगामुळे. आमच्याकडे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस बुधवारी लागतात; त्याच्या आधीच्या सोमवारी सोंगं निघतात. गेभार्डचं सोंग त्याच्या पणजोबाच्या काळचं. मिटल्या ओठांनी हसणारा लाकडी मुखवटा, रंगवलेला पांढरा अंगरखा, आणि छातीवर आडवेतिडवे घुंगरांचे जाड पट्टे. ते अंगावर घालून उड्या मारत वेशीतून उतरायचं म्हणजे खायचं काम नाही. सोंगाचा हक्क घराण्याचा असतो. घरच्या पुरुषाने नाहीतर जावयानेच ते घालायचं, आणि सलग दोन वर्षं सोंग बाहेर पडलं नाही तर ते गावच्या सोंगांच्या मंडळाकडे जमा होतं. मग मंडळ ते ज्याला द्यायचं त्याला देतं. मी सांगतोय त्याच्या आदल्या वर्षी गेभार्डच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सोंग पेटीतच राहिलं. मुलगा अपघातात गेलेला, मागे एकटी फ्रांका. मुलींना सोंग द्यावं की नाही यावर मंडळात यंदाच्या सणानंतर, वसंतात मतदान व्हायचं होतं. म्हणजे ती एक खेप निभावली असती तर कदाचित सोंग घरात राहिलं असतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मंडळाचे नियम सांभाळायचं काम विनफ्रीडकडे. तरुण गडी, आवाज मोठा, मनाने वाईट नाही. जानेवारीत तो गेभार्डच्या फाटकाशी आला.

"काका, यंदा निघणार ना?"

"गुडघ्याची चौकशी करायला आलास की सोंगाची?"

"दोन्हीची."

"मग दोघांच्या वतीने सांगतो. निघणार. जा आता, फाटक लाव. नीट लाव."

विनफ्रीड गेल्यावर गेभार्ड घराच्या तीन पायऱ्या चढला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकून, कठडा धरून. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं.

सोंगांच्या आधीच्या गुरुवारी फ्रांका बसमधून उतरली ती एका उंच, किडकिडीत पोराला घेऊन. तोर्निके त्याचं नाव. जॉर्जियातला, सहा महिन्यांसाठी फ्रांकाच्या विद्यापीठात शिकायला आलेला. तिथेच दोघांची मैत्री झाली आणि सणासाठी तिने त्याला घरी आणलं. तो कुंपणाशी येऊन वाकून मला नमस्कार करून गेला. इतकं वाकून आमच्याकडे कुणी बिशपलाही करत नाही. जाताना मेणबत्तीसारखी दिसणारी, द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळी गेभार्ड बाहेर आला.

"तुलाही दिली का ती मेणबत्ती?"

"खायची आहे ती. चांगली लागते."

"खाल्लीस? अनोळखी माणसाच्या हातचं?" त्याने मागे घराकडे पाहिलं. "म्हणतो, पूल बांधायचं शिकतोय. फेब्रुवारीत आमच्या गावात कुठला पूल बघायला आलाय?"

"फ्रांकाचा मित्र आहे ना?"

"म्हणून तर," गेभार्ड म्हणाला आणि आत गेला.

संशय हा पडशासारखा असतो. शुक्रवारी मलाही लागला. दुपारी खोपट्यातून घुंगरं ऐकू आली. चाळीस वर्षं मी ती भिंतीपलीकडून ऐकत आलो होतो. गेभार्डची उडी मला पाठ होती: दोन मोठे आवाज, मग डावा पाय अधू म्हणून एक अर्धवट. हे आवाज तसे नव्हते. तिन्ही सारखे, ताकदीचे. म्हणजे सोंग अंगावर घेऊन आत दुसरंच कुणीतरी उड्या मारत होतं.

शनिवारी सकाळी पाव आणायला गेलो तर तोर्निके माझ्यापुढे चाललेला, आणि डाव्या पायाने लंगडत. आदल्या दिवशी बसमागे पळत गेलेला मी त्याला पाहिला होता. कोपऱ्यावर त्याने मागे वळून पाहिलं, मला ओळखलं आणि लंगडणं एकदम थांबलं.

माझं डोकं गरम झालं. ज्याचं मीठ खातोय त्या म्हाताऱ्याची नक्कल! आणि मनात याहून वाईटही आलं. जुन्या मुखवट्यांवर बाहेर लोकांचा डोळा असतो. हा आत जाऊन घालून बघतोय, गेभार्डला पत्ता नाही, सोमवारच्या गर्दीत मुखवटा बॅगेत गेला तर?

मी भिडस्त माणूस. कुणाला काही सांगायचं म्हणजे मला घाम फुटतो. तरी कुंपणाशी जाऊन गेभार्डला हाक मारली आणि जे ऐकलं, जे पाहिलं ते सांगितलं.

तो ऐकत राहिला. चेहरा मुखवट्याहून बंद. मग म्हणाला, "भिंतीला कान लावून बसतोस?"

"लावावा नाही लागत. ऐकू येतं."

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग तसंच ठेव. तुझ्या बाजूचं बर्फ तू बघ, ओटमार."

घरी आलो आणि बराच वेळ खिडकीशी बसलो. आता मला त्या पोराइतकाच गेभार्डचाही संशय यायला लागला होता. ज्याने जन्मभर चिमणीवरसुद्धा विश्वास ठेवला नाही, तो या गोष्टीवर चिडला का नाही?

सोमवारी वेशीशी गर्दी होती. विनफ्रीड दाराशी उभा राहून प्रत्येक सोंग तपासत होता: पाठीवरचा मंडळाचा बिल्ला, पांढरे हातमोजे, बूट. गेभार्डचं सोंग आलं. तीच उंची, तेच वाकलेले खांदे, डावा पाय जरा मागे. घुंगरं वाजली: दोन मोठे आवाज, एक अर्धवट. विनफ्रीडने पाठीवर थाप मारून आत सोडलं. रस्त्यापलीकडे फ्रांका उभी होती. सोंग गेलं, आणि तिने हातातला सणाचा तळलेला गोड पाव न खाताच रुमालात गुंडाळला. तोर्निके कुठे दिसला नाही.

दुपारनंतर सोंगं खानावळींत शिरतात. मुखवट्यामागून चिरका आवाज काढून ज्याला त्याला त्याच्या तोंडावर खरं सुनावायचं, ही रीत. त्या दिवशी कुणी कुणाचा काका नाही की साहेब नाही. आणि ऐकलेल्याचा राग बुधवारनंतर धरायचा नाही. मी हिर्शन खानावळीत नेहमीच्या कोपऱ्यात बसलो होतो. गेभार्डचं सोंग दाराशी आलं, सगळीकडे पाहिलं, आणि सरळ माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसलं. इतक्या वर्षांत गेभार्डने मला कधी सुनावलं नव्हतं. म्हणायचा, "ओटमारबद्दल बोलण्यासारखं आहे काय?"

"ए सूरवाल्या!" मुखवटा चिरकला. शब्द पाठ केल्यासारखे, एकेक सुटा. "तुझी बायको हेडविग आजारी होती तो हिवाळा आठवतो? पहाटे तुझ्या दारातलं बर्फ कोण काढत होतं?"

बाजूची मंडळी वळली. मी म्हणालो, "पाद्रीबाबांनी माणूस पाठवला होता."

"हा हा! पाद्रीबाबांनी! आणि तू त्यांना केक नेऊन दिलास! आणि त्यांनी तो खाल्ला!"

सगळी खानावळ हसली. मी नाही हसलो. माझ्या बर्फावरून ज्याने अख्खा हिवाळा अबोला धरला होता, त्याने हे केलं होतं? मी पुढे वाकून विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

गेभार्ड असता तर माझं बोलणं संपायच्या आत उलटा वार केला असता. याच्याकडे पाठ केलेलं संपलं होतं. मुखवट्याच्या भोकांतून दोन तरुण डोळे माझ्याकडे पाहत होते, घाबरलेले. तेव्हा मला सगळं कळलं: खोपटं, लंगडणं, गेभार्डचं न चिडणं.

त्याच वेळी दारातून पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाई काठी टेकत आत आल्या. बसायला जागा नव्हती. आणि सोंग चटकन उठलं, खुर्ची मागे ओढली आणि वाकून त्यांना पुढे केली.

खानावळ गार झाली. सोंग खुर्ची पळवतं. म्हातारीच्या मांडीवर बसतं. तिची टोपी पळवून स्वतः घालतं. पण सोंग कधी कुणाला खुर्ची देत नाही. बाई खुर्चीकडे अशा बघायला लागल्या की जणू तिचे पाय कापून ठेवलेत.

गल्ल्याजवळून विनफ्रीड सावकाश आला. "गेभार्ड," तो म्हणाला, "काय रे, देवदूत कधी झालास? जरा बोल बघू. तुझ्या आवाजात."

मी उभा राहिलो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या खानावळीत मी बियर मागण्यापलीकडे मोठ्याने कधी बोललो नव्हतो.

"मला चिडवतोय तो!" मी ओरडलो. "शनिवारी मी त्याला कुंपणावरून म्हटलं, गेभार्ड, तू जन्मात कुणाला बूड टेकायला जागा दिली नाहीस. आता बघा म्हातारा कसा नाक वर करून दाखवतोय!"

मग आधी त्या बाई हसल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "चला, ओटमारला वाचा फुटली, सोंगाचं सोनं झालं!" मग सगळेच हसले. सोंग वाकलं आणि दाराकडे निघालं. आणि घाबरून उजव्या पायाने लंगडायला लागलं. विनफ्रीड पाहत होता. मी ग्लास घेऊन त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"ओटमार," तो हळूच म्हणाला, "तू खोटं बोलत नाहीस ना?"

"मला येतं तरी का?" मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ग्लासला ग्लास लावला.

घरी परतताना अजून उजेड होता. गेभार्डच्या घरात दिवा नव्हता, पण वरच्या खिडकीचा पडदा हलला.

बुधवारी सकाळी फ्रांका आणि तोर्निके बसने गेले. गुरुवारी गेभार्ड पायऱ्यांवरून घसरला. इस्पितळातून त्याने निरोप पाठवला की कुणी भेटायला येऊ नये, लोक खाऊ आणतात आणि खोलीची पाहणी करून जातात. पंधरवड्यात तो गेला. मतदान त्यानंतर झालं. मुलींच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत विनफ्रीड पहिला होता. फ्रांकासाठी खांद्याशी पट्टे आखूड करावे लागले. पुढे एका वर्षी सोंगांच्या सोमवारी तिने विनफ्रीडलाच मुखवट्यामागून सगळं सुनावलं. तो म्हणाला, "मला खुर्चीपाशीच कळलं होतं." मला ते खरं वाटत नाही.

मात्र त्या बुधवारी सकाळी, उपास लागल्याची राख कपाळावर लावून चर्चमधून आलो तेव्हा गेभार्ड कुंपणाशी उभा होता. बसच्या थांब्याकडे बघत.

"हिर्शनमध्ये बोललास म्हणे," तो म्हणाला.

"थोडंसं."

"सवय लावून घेऊ नकोस."

"नाही."

तो माझ्या परसात नजर फिरवत राहिला, काहीतरी कमी सापडेल म्हणून.

"तुझं फावडं बाहेर राहिलंय. दांडा कुजेल."

"घेतो आत."