घाटापलीकडे गेलेला चेंबर

अंगणात मोटारीखाली काळसर, दाट, चकचकीत असा एक ठिपका दिसला आणि मी तो बोटावर घेऊन चाटला. चाळिशी उलटलेल्या, लेकीचं लग्न करून दिलेल्या माणसानं असं का करावं, याला माझ्यापाशी कारण आहे. आदल्या दिवशी महाडहून येताना मागच्या बैठकीवर काकवीचं मडकं होतं. घराअलीकडच्या ओढ्यात मोटारीला खालून जोराचा दणका बसला, तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, मडकं गेलं. सकाळी तो ठिपका पाहिला आणि आपला अंदाज बरोबर निघाला याचाच मला इतका आनंद झाला, की हात आपोआप तोंडाकडे गेला.

मडकं शाबूत होतं. ते संध्याकाळीच आत पोचलं होतं आणि ज्या बाईनं ते उचलून आत नेलं, ती ओसरीवर तांदूळ निवडत माझ्याकडे बघत होती.

"गोड आहे का?" बायकोनं विचारलं.

या हकिकतीत हसण्यासारखं जे आहे ते बहुतेक इथेच संपतं.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडीचा घाट चढायला लागण्याआधी, मोठा रस्ता सोडून आत. रस्त्याच्या कडेला माझी भातगिरणी. तिथून घरापर्यंत कच्ची वाट, आणि त्या वाटेत तो ओढा. मुंबईतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं नवी मोटार घेतली तेव्हा त्याची जुनी मी घेतली. गिरणीच्या इंजिनाला रोज हात लावत असल्यामुळे मला इंजिनातलं कळतं, असा माझा समज होता. मोटारीनं तो लवकरच दूर केला. पण पंचक्रोशीत ती एकच. साप चावलेला माणूस, झाडावरून पडलेला माणूस, अडलेली बाई, सगळे आधी माझ्या दाराशी यायचे. मी टोपी घालायचो, हॉर्न वाजवायचो (समोर कोंबडीसुद्धा नसताना) आणि महाडकडे निघायचो. आपण फार उपयोगाचे आहोत असं मला त्या वेळी वाटत असे.

त्या उन्हाळ्यात आमची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर माणगावकडचं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, याबद्दल कुणी वाद घालत नाही. पण तिच्या सासूबाई शहाण्या. ओटी भरायला आम्ही गेलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या होत्या, "बाळंतपण पावसाळ्यात येणार. तुमच्याकडे ओढा, घाट. इथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. राहू दे ना इथेच."

बायको ओटीचं ताट आवरत होती. बोललो मी. "विहीणबाई, मोटार दारात उभी असते. तुमच्या डॉक्टराच्या आधी आम्ही महाडच्या डॉक्टराकडे पोचू." सगळे हसले, व्याही म्हणाले, "मोटारवाल्यांपुढे काय बोलणार!" आणि मुलगी आमच्याबरोबर आली.

म्हणून तो ठिपका माझ्या दृष्टीनं साधा नव्हता. वाडीच्या दृष्टीनं मात्र फायद्याचा ठरला. मी मोटारीखाली नारळाची करवंटी ठेवली. ती सकाळपर्यंत तळाला बोटभर भरायची. माझ्या चुलतभावानं ते तेल आपल्या बैलगाडीच्या आखाला घातलं. मग शेजारचा आला, मग वरच्या आळीतला. कुरकुरणाऱ्या गाड्या गप्प झाल्या. तेल गाळायचं नव्हतं, विकत आणायचं नव्हतं, करवंटी उचलली की झालं.

"दादा, नीट करायच्या भानगडीत पडू नका," चुलतभाऊ म्हणाला. "गळतंय कितीसं? थेंब थेंब. वरून तेवढंच ओतायचं."

"तुझ्या बैलगाडीसाठी मी मोटार गळती ठेवू?"

"तसं नाय हो. पण चालती वस्तू उघडून बसू नये. माझ्या सासऱ्यानं घड्याळ उघडलं ते आजपावेतो ताटलीत हाय."

मी ती मोटार महाडला मिस्त्रीकडे नेली. तो खाली शिरला, बाहेर आला, हात पुसले. "चेंबरला चीर हाय, काका." चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाशी तेलाचं भांडं असतं ते. ओढ्यातल्या धोंड्यानं त्याला केसाएवढी चीर पाडली होती.

"आता दोन वाटा," मिस्त्री म्हणाला. "धुण्याचा साबण चिरेत घासून बसवतो. गळती बंद. पावसाळाभर टिकेल, नायतर पुढच्या दणक्याला निघून जाईल. दुसरी वाट, चेंबर उतरवायचा, झाळ लावून चीर सांधून घ्यायची. पण ही ओतीव वस्तू, इथं कुणी झाळ लावणारा नाय. चिपळूणला पाठवावा लागेल."

"किती दिवस?"

"आज ट्रकवाल्याच्या हाती दिला तर दोन-तीन दिवसांत परत. तेवढ्यात मोटार इथं पोट उघडी."

आमच्या त्या रस्त्यावर अशीच पद्धत होती. औषध, पत्रिका, आंब्याची पेटी, यंत्राचा भाग, काहीही पाठवायचं तर घाट चढणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला हात करायचा. तो ओळखीचा असायलाच हवा असं नव्हतं. वस्तू कधी हरवली नाही. मलाही त्या पद्धतीत काही धोका दिसला नाही.

मी म्हटलं, घरी विचारून येतो. मिस्त्री हसला. मोटारीतलं घरी काय विचारायचं, असं त्याला वाटलं असावं. पण मला ठरवता येत नव्हतं. मुलीला आठवा लागला होता. साबण लावला आणि ऐन वेळी ओढ्यात तोच धोंडा लागला तर तेल वाटेत सांडून इंजिन जाम. चेंबर उतरवला आणि तेवढ्यातच कळा आल्या तर मोटार नाही. मी गिरणीत बसून दोन्हींचा विचार करायचो. भात भरडायला आलेल्या माणसालाही विचारायचो. वाडीत बहुतेकांचं मत साबणाच्या बाजूचं पडलं, त्यात करवंटीवर ज्यांचा डोळा होता तेही होते, कारण साबण टिकणार नाही हे त्यांनी मनात धरलं होतं.

बायको ऐकत होती. एका सकाळी भाकरी थापताना म्हणाली, "पोरीला त्या साबणाच्या भरवशावर नेणार तुम्ही?"

"अगं, पण मध्ये दोन-तीन दिवस..."

"अजून महिनाभर तरी आहे. आता नाही करायचं तर कधी? ओढा भरल्यावर?"

आतून मुलगी म्हणाली, "बाबा, मला विचाराल तर मी बैलगाडीनंसुद्धा जाईन. पण तुमचा हॉर्न नको."

आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी महाडला जाऊन मी मिस्त्रीला म्हटलं, "काढ."

दुपारी मिस्त्रीनं चेंबर पोत्यात बांधला आणि कौलं उतरवून रत्नागिरीकडे परत निघालेल्या एका ट्रकमध्ये ठेवला. ड्रायव्हरनं पोतं पायाशी घेतलं. मी एस.टी.नं घरी आलो. त्या रात्री पाऊस लागला, आणि तो थांबायचं नाव घेईना. एवढ्या लवकर असा पाऊस मी पूर्वी पाहिला नव्हता. कशेडीत दरड आली. घाट दोन्हीकडून बंद झाला. माझी मोटार महाडात, तिचं पोट चिपळुणात, असं मी गिरणीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. लोक हसायचे. पहिल्या दिवशी मीही हसलो.

नंतर एका सकाळी मुलगी न्हाणीतून बाहेर आली ती दाराची चौकट धरूनच. बायकोनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सुईणीला बोलावणं पाठवलं. सुईण म्हातारी, वाडीतली अर्धी माणसं तिच्या हातची. तिनं पोट दोनदा चाचपलं. मग बायकोला बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, मूल आडवं हाय. माझ्याच्यानं नाय व्हायचं. महाडला न्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपी घातली होती. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

डोली बांधली. आमच्याकडे डोली म्हणजे दोन बांबू आणि घोंगडी. डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं अशीच रस्त्यापर्यंत येतात, आणि रस्त्यावर त्यांच्यासाठी मोटार घेऊन मी उभा असायचो. त्या दिवशी मी डोलीच्या पुढच्या बांबूखाली होतो. मुलीवर इरलं धरलं होतं, त्या पानांच्या छपराखालून तिचे फक्त पाय दिसत. ओढ्याला कमरेएवढं पाणी. आम्ही बांबू खांद्यावरून उचलून डोक्यावर धरले. चुलतभाऊ मागे होता. तो पाण्यात एकदा घसरला, पण त्यानं बांबू सोडला नाही. सुईण पलीकडच्या काठावरून ओरडत होती, "कळ दाबू नको गो, श्वास घे, श्वास घे!"

रस्त्यावर आलो तर रस्ता रिकामा. एरवी त्या रस्त्यावर दिवसभर ट्रकांची रांग. हात केला की कुणीही थांबतो. पण घाट बंद, म्हणून वरून काही येत नव्हतं, आणि वर जायचं नाही म्हणून खालूनही काही येत नव्हतं. आम्ही गिरणीच्या पत्र्याखाली उभे राहिलो. बायको मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो, पावसात डोळे बारीक करून बघायचो, परत यायचो. पुन्हा जायचो. असं किती वेळ केलं ते माहीत नाही.

शेवटी चुलतभाऊ म्हणाला, "दादा, उभं राहून काय उपयोग नाय. मी गाडी जुंपतो." तो ओढा ओलांडून परत गेला आणि रिकामी बैलगाडी पाण्यातून हाकत घेऊन आला.

पोलादपूर फार लांब नाही. मोटारीनं जाताना मी ते अंतर कधी मोजलंही नव्हतं. बैलगाडीला ते संपेना. पोलादपूरची घरं दिसायला लागली तेव्हा आडवं मूल फिरलं आणि गाडीतच झालं, पायांकडून. सुईणीनं त्याला उलटं धरलं, पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकलं. मुलगा होता. तो रडला नाही.

मुलगी वाचली. पोलादपूरच्या नर्सबाईंनी रक्त थांबवलं, ओळख ना पाळख, स्वतःच्या घरातली दुलई आणून तिच्यावर घातली. मी दाराशी उभं राहून त्यांना विचारलं, "मोटार असती, लवकर आणली असती तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, पाय आधी आले होते. महाडात काय झालं असतं, मी कसं सांगू?"

त्यांनी हो म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं, नाही म्हटलं असतं तरीही.

मुलाला मी आणि चुलतभावानं सावित्री नदीच्या काठी नेलं. एवढ्याशा मुलांना आमच्यात जाळत नाहीत. पाणी चढलेलं होतं, म्हणून काठापासून बरंच वर, कळकाच्या बेटाजवळ जागा बघावी लागली. चुलतभावानं खणलं. मी वर दगड रचले, मग एक-दोन काढून पुन्हा नीट बसवले. तो म्हणाला, "पुरे, दादा."

दरड निघाल्यावर पहिल्याच ट्रकमधून चेंबर परत आला. त्याच पोत्यात, झाळ लावलेला, पुसून स्वच्छ. ड्रायव्हरनं तो महाडात मिस्त्रीच्या हाती दिला आणि एवढा उशीर झाला म्हणून माफी मागितली, असं मिस्त्री म्हणाला. मी मोटार घेऊन आलो. ती उत्तम चालत होती. अंगणात उभी केली, खाली काही गळत नव्हतं, आणि मुलगी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती.

माणगावला अजून कुणी सांगितलं नव्हतं. पत्र लिहावं असं मला वाटत होतं, पण बायको म्हणाली, पत्रानं नाही, तुम्ही जा. मी धुतलेला सदरा घातला. मोटारीची किल्ली खुंटीवरून काढली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं, तेव्हा ती ओसरीपर्यंत मागून आली.

"एस.टी.नं जा," बायको म्हणाली. "मोटार त्यांच्या दारात उभी करू नका."