उजव्या पंखावरची झीज

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भुशीच्या रस्त्यावरच्या 'बाई'च्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसतो. तरी हे लिहितोय, कारण डोकं सणकलंय.

मी लोणावळ्यात राहतो. कॉम्प्युटरवरच्या लढाऊ विमानांच्या गेमसाठी विमानं रंगवतो. कोरं करकरीत विमान कुणीही करेल... कसब असतं ते झीज दाखवण्यात — तेलाचे ओघळ, काजळी, बुटांनी खरवडलेला रंग. वैमानिक डावीकडून चढतो, म्हणून ही खरवड डाव्या पंखाच्या मुळाशी. एवढं मला कळतं.

तर माझ्या विमानाच्या उजव्या पंखावर बशीएवढा रंग उडालेला दिसू लागला. मी काढलेला नाही. तो डाग पुसला, सेव्ह केलं — सकाळी परत हजर. असं तीनदा. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पण विमानं तपासून गेमच्या यादीत घेणाऱ्या ग्रुपवरच्या दीडशहाण्यांनी ऐकून घेतलं तर ना! 'डावं-उजवं कळत नाही आणि निघाले झीज दाखवायला.' दुरुस्त करा, नाहीतर विमान यादीतून काढू, अशी तंबी वर.

रविवारी सकाळी बायकोचे चुलते औंढ्याहून तांदूळ घेऊन आले. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो; ते हवाई दलात याच जातीच्या विमानांवर मेकॅनिक होते. म्हटलं, यांनाच विचारू. त्यांनी स्क्रीन बघितली आणि कप खाली ठेवला.

"कुनी सांगितलं तुला?"

"काय, भाऊ?"

"माजी गुडघा टेकायची जागा हाये ती. डावा पाय अधू झालता, आन डावीकनं चढाया आदी त्योच टाकावा लागायचा. कळलं असतं तर टेबलाच्या कामाला बसिवलं असतं मला. म्हनून सायबांची नजर चुकवून उजवीकनं चढायचो. तपासनीच्या आदी मीच रंग मारायचो तितं. तुज्या चुलतसासूला बी ठावं न्हाई."

मी शपथा घेतल्या. त्यांना पटलं नाही. लोकांची गुपितं उकरणारा ठरलो मी... माझ्याच घरात.

"हिकडं दे," म्हणून त्यांनी माऊस घेतला. ब्रश कसा फिरवायचा तेवढं मी दाखवलं. रंग जुळवून, कडा मिसळत त्यांनी तो डाग झाकला. माझ्याहून सफाईदार. मग न जेवताच गेले.

त्यानंतर डाग आलेला नाही. का आला, का गेला, मला आजही सांगता येत नाही. 'फाईल करप्ट असेल' हे शहाणपण कृपया नको.

ग्रुपने विमान मंजूर केलं. खाली लिहिलंय, 'आता कसं खरं वाटतंय.' मी आभार मानलेले नाहीत, मानणारही नाही.