सौसरच्या सरांची बोटं आणि पांढुर्ण्याचा संत्राबाजार

तीन आठवडे झाले, हे लिहायचं मी टाळतो आहे. आधी शाई नव्हती. शाई आली तर आईनं दळण घेऊन पाठवलं, आणि गिरणीपलीकडे सर्कसवाले तंबू ठोकत होते, त्यात दोन दिवस गेले. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं की या प्रवासात मी एका पोरीवर आळ घेतला आणि तो खोटा निघाला.

निघायचं निमित्त साधं होतं. सौसरच्या मावशीचं पत्र आलं: आमच्या वंदनाची मॅच पांढुर्ण्याला आहे, पोरींसोबत घरचं कुणी मोठं माणूस हवं. मोठं माणूस म्हणजे मी, अकरावीला दोनदा बसलेला. नागपूरहून सौसरला जाणार असाल तर छोटी रेल, म्हणजे नॅरोगेजची गाडी, धरा. बसपेक्षा वेळ फार लागतो, पण तिकीट स्वस्त आणि गर्दी ओळखीची. सावनेरच्या पुढे एका बाईनं गार्डाच्या हाती भरलेला डबा दिला आणि त्याच्याकडून कालचा रिकामा घेतला. डबा कुणाचा, हे विचारायला मी पुढच्या स्टेशनावर उतरलो आणि गाडी सुटता सुटता कसाबसा चढलो. उत्तर मिळालं नाही.

एशियाड झाल्यापासून तिकडच्या शाळांना खेळांचं वेड लागलंय, त्यातलाच हा सॉफ्टबॉल. बॅट गोल, चेंडू खालून फेकतात, चार बेस फिरून आलं की एक रन. वंदना कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. तिच्या गायधने सरांनी सगळी टीम उभी केलेली. संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात मी त्यांना पाहिलं तेव्हा वाटलं, माणसाला पिसवा चावताहेत. टोपीला हात, कानाला हात, मग कोपर, मग पट्टा.

"ते सारं खोटं आहे दादा," वंदना कुजबुजली. "सर डाव्या हाताची बोटं उजव्या मुठीत धरतात, तेवढंच खरं. एक बोट म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवायची. दोन म्हणजे बेसवरच्या पोरीनं पळायचं. पूर्ण पंजा म्हणजे थांब."

आधी खेळलेल्या बोरगावच्या पोरींना हे कधी कळलं नाही. पांढुर्ण्याकडून मात्र या पोरी दोनदा हरल्या होत्या, आणि दोन्ही वेळा पळणारी पोरगी पोचायच्या आधीच चेंडू बेसवर हजर.

"आपल्यातलंच कोणीतरी इशारे फोडून राहिलं," सर मला बाजूला घेऊन म्हणाले. "संगीतावर नजर ठेव. तिचा मामा पांढुर्ण्याचा आहे."

संगीता रामाकोन्याची, टीममधली सगळ्यात वेगवान. या मॅचला निवड समितीचे एक गृहस्थ येणार होते. त्यांनी पसंत केलेल्या दोन पोरी विभागाच्या शिबिराला जाणार, नावं सरांनी महिनाअखेर पाठवायची. संगीताचे वडील म्हणाले होते, शिबिरात नाव आलं तर पुढे शिकवतो, नाहीतर घरी बस. हे मला वंदनानं तेव्हाच सांगितलं होतं. तरी मी नजर ठेवली. खरं सांगतो, मला ते काम आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याची बस. पुढच्या सीटवर बसू नका, इंजिनाच्या उष्णतेनं पाय भाजतात. मागेही बसू नका, डोकं छताला लागतं. स्टँडवर आलूबोंडा खा, रस्सा मागून घ्या, तो फुकट. मी खाताना सगळ्यांकडे संशयानं पाहत होतो. बिडी ओढणारा एक माणूस आमच्या पोरी मोजतोय असं मला वाटलं. तो बसचा क्लीनर निघाला.

मैदानाच्या नळावर मात्र मला हवं ते दिसलं. संगीता पांढुर्ण्याच्या कॅचरशी हसत बोलत होती. बोलता बोलता तिनं कानाला हात लावला, मग दुसऱ्या कानाला. मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सरांनी संगीताला काही विचारलंसुद्धा नाही. मॅचच्या यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली आणि तिला म्हणाले, "तू बसून राहा आज."

संगीता पिशवी मांडीवर घेऊन कडुनिंबाखाली बसली.

मॅच सुरू झाली आणि संगीताशिवायही सरांचे इशारे पकडले जात राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, हिनं आधीच सांगून ठेवलंय. माझा डोळा चुकला नाही याच्या खुशीत मी संत्री आणायला मैदानामागच्या बाजारात गेलो.

डिसेंबरचा बाजार पाहायचाच असेल तर पांढुर्ण्याचा पाहा. ढिगांना वळसा घालत जावं लागतं. बोली कुठे ऐकू येईना. दोन माणसं समोरासमोर उभी, मधे हातांवर रुमाल, तोंडं ढिम्म. मी बराच वेळ टक लावून पाहत राहिलो तसे एक म्हातारे दलाल वैतागले.

"काय पाहून राहिला बे? पोलिसातला आहेस का?"

"नाही काका. भाव कसा ठरतो ते पाहतोय."

"हात दे." त्यांनी माझ्या हातावर रुमाल टाकला आणि माझी दोन बोटं मुठीत धरली. "हे दोन. आता हे पाच." पंजा धरला. "बाजूचा काहीबी बडबडू दे, भाव इथंच असते. आमच्या घरची पोट्टीबी मानसाचं तोंड पाहत नाई, हात पाहते. तोंड तं खोटंच बोलते. नात तिकडे खेळून राहिली ना माही, कॅचर आहे."

संत्री तिथंच राहिली. मी पळत सुटलो.

"कुठून येऊन राहिलास?" सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाजारातून? कोणासंग बसला होतास?"

आता संशयित मी. मी त्यांच्या कॅचरच्या आजोबांचं आणि रुमालाखालच्या बोटांचं सांगितलं, तर ते हसले. वंदना म्हणाली, "सर, एकदा खोटं करून पाहा ना. काय जाते?"

पहिल्या बेसवरच्या पोरीला तिनं निरोप दिला, काही झालं तरी पळू नकोस. सरांनी टोपी, कान, कोपर केलं. समोरून कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग त्यांनी दोन बोटं मुठीत धरली. चेंडू सुटायच्या आधीच पांढुर्ण्याची एक पोरगी दुसऱ्या बेसवर जाऊन उभी राहिली. सरांनी पुन्हा एक बोट धरलं. टेकवलेला चेंडू उचलायला तिघी पुढे धावत आल्या.

सरांनी हात स्वेटरच्या खिशात घातले.

"माझे वडील दलालच होते," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं रुमालाखालची गोष्ट आहे, मैदानात कोण ओळखते."

मग ते कडुनिंबाकडे वळून ओरडले, "संगीता, चल! शेवटच्या डावात तू पळ!"

ती उठली, पण पिशवी खांद्याला लावून. "ज्याच्यावर भरोसा आहे त्याले धाडा सर," म्हणाली आणि मामाच्या घराच्या रस्त्यानं निघून गेली. आम्ही एका रननं हरलो. निवड समितीच्या त्या गृहस्थांनी संगीताला पळताना पाहिलंच नाही.

परतीच्या बसमध्ये वंदनानं मला सांगितलं, नळावर संगीता कानातल्या नव्या बाळ्या दाखवत होती. मी सरांना म्हटलं, तिच्या घरी जाऊ या. ते म्हणाले, "मास्तर पोरीच्या दारी जात नसते."

आता घरी बसून हिशेब लावतो तर बाजार आठवतो, रस्सा आठवतो, आणि त्याहून जास्त आठवतं ते नळावरून सरांकडे धावत जातानाचं माझं सुख. इतका खूश मी शाळेत कधी नव्हतो. पांढुर्ण्याला जरूर जा. लोकांचे हातही पाहा. पण पाहिल्यावर लगेच धावू नका, आधी त्या माणसाला विचारा. मी तेवढंच केलं नाही. वंदनाचं परवा पत्र आलं, संगीता शाळेत येत नाही. महिना संपायला, म्हणजे शिबिराची नावं पाठवायला, चार दिवस आहेत.

इथवर लिहिलं आणि आईनं हाक मारली. सौसरहून कुणी मास्तर आलेत, बसायला सांगितलं तर दारातच उभे आहेत. मी डोकावून पाहिलं. गायधने सर. चहा नको म्हणाले. म्हणाले, "रामाकोन्याले जायचं आहे, संगीताच्या घरी. एकट्यानं जाववत नाही. चाल, छोट्या रेलचं तुझंबी तिकीट काढलं आहे."