घंटेआधीचे दहा श्वास

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण चूक माझी होती.

निजामाच्या अमलात तालुका कचेरीत माझ्या शेजारी एक वयस्क कारकून बसत; सगळे त्यांना मामा म्हणत. साहेबांच्या धास्तीनं त्यांच्या मानेची शीर उडायची. सोलापूरच्या डॉक्टरनं रक्तदाब सांगितला होता. म्हणून साहेबांच्या बोलावण्याच्या घंटेची वेळ झाली की ते डोळे मिटून दहा श्वास अगदी सावकाश सोडत.

“श्वास लांबवला की नसा ढिल्या पडतात बघ. काळीज जाग्यावर येतं.”

“मामा, तोवर साहेब घरी जातील,” मी म्हणायचो. ते हसत, पण बोटांवर श्वास मोजत राहत.

बढती आमच्यापैकी एकालाच मिळणार होती. मी साहेबांना सांगितलं, “हुजूर, मामा कामावर झोपतात.” साहेबांनी सर्वांसमोर त्यांना डोळे मिटायची मनाई केली. दुखणं कळलं तर नोकरी जाईल, या भीतीनं मामा गप्प राहिले. मला ते ठाऊक होतं.

महिन्याभरात ते साहेबांच्या दारातच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

माफी मागायला मी बेंबळीला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं चहा पुढं केला.

“कचेरीतून तुम्हीच तेवढं आलात, बाबा.”

मामा माझ्याकडं बघत होते. मी चहा संपवला, नमस्कार केला आणि माफी न मागताच उठलो.