मोजणीच्या दुर्बिणीतून शिरूर-दौंड

सर्व्हेच्या कामात किस्से साठतात, कारण अर्धा दिवस नुसतं उभं राहण्यात जातो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शिरूर-दौंड भागात रस्त्यांची मोजणी करायचो. दुर्बिणीतून कोन वाचायचा, अंतर मोजायचं, बाकी सगळं साइन-कॉसवर. समोर लाल-पांढरी काठी धरायला दौंडचे रमजानचाचा. साठीला आलेले, बोलणं मोजकं. संध्याकाळपर्यंत दोघांचेही पाय बोलायला लागायचे.

*

आमच्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. खुटबावात एका आप्पांनी हट्टानं डोळा लावला आणि दचकले.

"साहेब, आमचं गाव उलटं दिसतंय की."

चाचा काठीला टेकून म्हणाले, "आप्पा, यंत्रात बिघाड न्हाई."

*

पुलासाठी भीमेची रुंदी काढायची होती. काठावर शंभर मीटरची रेषा आखली. एका टोकाला काटकोन, दुसऱ्या टोकाला पलीकडच्या बाभळीचा कोन एकाहत्तर अंश. टॅन लावला, रुंदी दोनशे नव्वद मीटर. तिथं एक आबा बसले होते. तरुणपणी मेंढरं घेऊन ही नदी कितीदा उतरलेले.

"पाण्यात पाय न घालता मोजली व्हय?"

"व्हय आबा."

"मग तसंच जावा की पलीकडं. पूल कशाला बांधताय?"

*

शिक्रापूरला कोन वाचायचा म्हणजे दोन ट्रकांमधली फट शोधायची. एकदा सकाळपासून फट मिळेना. त्यात एक परप्रांतीय ड्रायव्हर नेमका मधोमध थांबला, उतरला, केसांवरून कंगवा फिरवला आणि दुर्बिणीकडं तोंड करून उभा राहिला. भांडायचंही त्राण नव्हतं. मी हात हलवला, तो गेला.

पुढच्या आठवड्यात त्याच जागी त्यानं ट्रक हळू केला. "साब, फोटो धुल के आया क्या?"

*

दौंडला रुळांजवळ होकायंत्र लावलं. जाताना घेतलेली दिशा आणि उलट फिरून घेतलेली दिशा यांत बरोबर एकशे ऐंशी अंशांचा फरक हवा. येत होता एकशे चौऱ्याहत्तर. चार वेळा घेतला, तेच. रूळ सुई ओढत होते.

चाचांचे वडील, भाऊ, दोन्ही मुलगे रेल्वेत. ते म्हणाले, "साहेब, इथं माणसं सुटली न्हाईत. सुई काय सुटतीय?"

*

शेवटचा सुभद्रामावशींचा. एकट्या राहायच्या, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. नव्या रस्त्याची रेषा घरावरून गेली आणि मीच त्यांच्या चुलीपासून हातभर अंतरावर खुंटी ठोकली.

मोजणी फिरवून निघाल्या जागी आणली, की प्रत्येक रेषेचं पूर्वेकडं किती, उत्तरेकडं किती, त्याची बेरीज शून्य यायला हवी. माझी येईना. ऑफिसात वरिष्ठ म्हणाले, "थोडं थोडं सगळीकडं वाटून टाका." मीही थकलो होतो, वाटून टाकणारच होतो. पण वही चाळताना सापडलं. एकशे छत्तीसच्या जागी मी एकशे सदतीस लिहिलं होतं. एक अंश. सहाशे मीटरवर त्याचे होतात दहा मीटर.

चाचांना म्हटलं, "परत जावं लागतंय." ते काठी उचलून चालू लागले.

भर उन्हात पुन्हा कोन घेतला, पुन्हा अंतर मोजलं. रेषा दहा मीटर सरकली, घराच्या पार बाहेर. शेजारच्या अंगणात नवी खुंटी ठोकली आणि आम्ही मावशींकडं गेलो. त्यांनी अर्धे पत्रे स्वतःच उतरवून भिंतीला लावून ठेवले होते. उघड्या खोलीत भाकरी थापत होत्या.

"मावशी, चूक माझी होती. तुमचं घर वाचलं."

त्यांनी हात थांबवला. वर आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आन् कुणाचं गेलं?"