बिननवऱ्याची वरात, मुक्काम जळगाव जामोद

नवा बूट चावला तर दाद कुठे मागायची, याची या देशात सोय नाही, ही बाब मी सुरुवातीलाच जड अंतःकरणाने नोंदवतो. कुत्रा चावला तर इंजेक्शन मिळतं, डास चावला तर नगरपालिका धूर सोडते. बूट चावला की दुकानदार फक्त हसतो आणि म्हणतो, ‘घालून घालून सैल होतील साहेब.’ नाशिकहून रेल्वेत बसलो तेव्हा डाव्या टाचेला नुसती चुरचुर होती. नांदुऱ्याला उतरलो तेव्हा दोन्ही टाचांवर एकेक फोड आला होता.

बूट घेतले होते ते विलासच्या मुलीच्या मानाखातर. विलास हा माझा वसतिगृहातला मित्र, आता जळगाव जामोदला प्राध्यापक. त्याची मृण्मयी परदेशात व्हायोलिन आणि संगीतरचना शिकून आली. फोनवर विलास म्हणाला, “पोरीचा कार्यक्रम हाय. वीस-बावीस वाजवणारे बाहेरून येऊन राह्यले. अर्धं जुनं, परदेशी उस्तादांचं. अर्धं तिचं नवं. त्यात आपला लग्नातला बँडबी हाय. रात्री साडेदहाले. ये.”

“साडेदहाला?”

“जिनिंगच्या आवारात हाय ना. कापसाच्या गाड्या रिकाम्या झाल्याबिगर जागा कशी भेटन?”

मी म्हणालो, लोक अर्ध्यातून उठून जातील. तो म्हणाला, “तू बस म्हणजे झालं.”

जाणाऱ्यांसाठी सांगतो: नांदुऱ्याहून एसटी आहे, काळी-पिवळी जीपही आहे. काळी-पिवळीत ‘अजून एक बसते’ हा सिद्धान्त चालतो, त्यामुळे एसटीच बरी. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, जी तासभर पाहूनही जवळ येत नाही. स्टँडजवळच्या खानावळीत बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि भाकरी खाल्ली. रस्सा इतका तिखट, की तेवढा वेळ टाचांचा विसर पडला. हिवाळ्यात जात असाल तर शाल न्या. बूट जुने न्या.

दुपारी तालमीला गेलो आणि पहिला धक्का बसला. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, शेडपुढे अर्धवर्तुळात खुर्च्या. डावीकडे काळे कपडे घातलेली शहरी मंडळी, व्हायोलिनं आणि चेलो घेऊन. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं, माणसाएवढं थोराड व्हायोलिन. उजवीकडे बळीराम मास्तरांचा बँड: क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ताशा, ढोल. मास्तर साठीचे. गावातल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्यांच्या क्लॅरिनेटने झालेली. पण आता लग्नांत डीजे आला. हंगामात चार सुपाऱ्या मिळाल्या तरी खूप. त्या रात्री जमलं, तर मृण्मयी त्यांना घेऊन बाहेरगावी कार्यक्रम करणार होती. नाही जमलं, तर मास्तर बँड मोडणार होते.

आणि जमत नव्हतं. व्हायोलिनं सुरू झाली, बँड शिरला, आणि पाचव्या-सहाव्या ठेक्यातच ताशा पुढे, ढोल मागे, ट्रम्पेट भलतीकडेच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हातात काडी घेऊन उभ्या असलेल्या संचालकाने, पुण्याहून आलेल्या एका सडपातळ तरुणाने, शेवटी काडी खाली ठेवली.

“हा भाग गाळू.”

“मग माझी रचनाच उरत नाही,” मृण्मयी म्हणाली.

बराच वेळ वाटाघाटी झाल्यावर ठरलं: रात्री एकदा सुरू करायचं. विस्कटलं की तो थांबवणार आणि सरळ जुन्या लोकप्रिय चिजेवर जाणार.

बळीराम मास्तर माझ्या शेजारी येऊन टेकले. “काऊन होऊन राह्यलं समजत नाही हो साहेब. इतकी लग्नं वाजवली, कधी ताल सुटला नाही.” मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, “हे काय? रगत निघून राह्यलं! माह्या चपला घाला. मले तं आता ड्रेसवर बूटच घाला लागतेत.”

घातल्या. एका चपलेचा अंगठा उसवत आलेला, टाचा एका अंगाने झिजलेल्या, पण पायांना स्वर्ग.

रात्री आवार भरलं. स्वेटर, मफलर, मांडीवर पोरं. माझ्या एका बाजूला विलास, दुसऱ्या बाजूला त्याच्या घराशेजारच्या कमलकाकू, घोंगडी पांघरून. पहिल्या चिजेच्या चौथ्या सुरावर मागून कोणीतरी ओरडलं, “हे तं घड्याळाच्या जाहिरातीतलं हाय बे!” आणि टाळ्या पडल्या. मग एक धिप्पाड गृहस्थ उठले, मंचाकडे गेले आणि लग्नातल्या रिवाजाप्रमाणे चेलोवाल्याच्या डोक्याभोवती नोट ओवाळू लागले. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्यावर हल्ला झाला. तो वाजवता वाजवता खाली वाकला, तसतशी नोटही खाली गेली.

मध्यरात्रीच्या सुमाराला मृण्मयीची रचना सुरू झाली. आधी कोणी तारा वाजवल्याच नाहीत. काही जण व्हायोलिनच्या गजाने लाकडावर टकटक करत होते, काही तारांवरून नुसती नखं फिरवत होते. ट्रम्पेटवाले सूर न काढता नुसतेच श्वास सोडत होते. मी लेखणीच्या जिवावर जगणारा माणूस. टीका लिहायला लागणारी सगळी विशेषणं मनात रांगेत उभी राहिली.

कमलकाकू पुढे झुकल्या. “ही पोरगी वाजवत काऊन नाही? खाजवून काय राह्यली?”

“काकू, नवं संगीत आहे.”

“असंन. कापूस सरकीतून निघते तसा आवाज हाय पण.”

मी दचकून पुन्हा ऐकलं. तसाच होता.

आणि मग बँड शिरला. ताशा पुढे, ढोल मागे. बळीराम मास्तरांच्या कपाळावर त्या थंडीत घाम. विलासने माझा दंड घट्ट धरला. संचालकाने काडी वर नेली, थांबवण्यासाठी. तेवढ्यात कमलकाकू उठून उभ्या राहिल्या आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा ओरडल्या:

“अबे बळीराम, उठ ना! बसून काय वाजवतं? पंगतीले बसला का?”

मास्तर उठले. आपोआप उठल्यासारखे. दोन पावलं टाकली आणि तिसऱ्या पावलावर ताशा जागेवर आला. पाचव्यावर ढोल. जन्मभर चालत वाजवणाऱ्या माणसांना आम्ही शहाण्यांनी खुर्च्यांवर बसवलं होतं! ते मंचावरून उतरले, लोकांमधून फाटकाकडे निघाले, आणि बँड निघाला की मागे निघायचं, हे ज्या गावाला पाळण्यापासून ठाऊक आहे ते अख्खं गाव मागे निघालं. व्हायोलिनवाले निघाले. चेलोवाल्याला चौघांनी खुर्चीसकट उचललं. तो वाजवत राहिला, बहुधा भीतीने. संचालक काडी घेऊन मागे धावत होता. मी लोक उठून जातील म्हणालो होतो. सगळेच गेले, संगीतासकट.

वरात मारुतीच्या देवळापाशी आली, आणि तिथे नवाच पेच. नवरदेव देवळात शिरला की बँड थांबतो. इथे नवरदेव कुठला? मास्तर डोळे मिटून वाजवत होते, संचालक हातवारे करत होता, थांबायचं कोणालाच कळेना.

“शेवट असा नव्हता लिहिला मी,” मृण्मयी व्हायोलिन न थांबवता ओरडली.

“जाय बळीराम,” कमलकाकू म्हणाल्या. “इतक्यांले आत धाडलं. आज तू जाय.”

मास्तरांनी डोळे उघडले. बूट काढले. लाल कोट, सोनेरी झालर, क्लॅरिनेट काखेत, असे ते पायरी चढून आत गेले आणि वाकले. बाहेर एका ठोक्यात सगळं थांबलं.

पहाटेच मला निघायचं होतं. मी अर्धवट झोपेत असतानाच विलासने नांदुऱ्याला सोडलं. भुसावळ गेल्यावर पाहिलं, तर पायांत मास्तरांच्या चपला आणि पिशवीत माझे बूट.

घरी येऊन आठवडा झाला. विलासचा फोन आला, बँड मोडला नाही. मृण्मयीने रचनेतून बँडच्या खुर्च्या काढून टाकल्या. पहिला कार्यक्रम अकोल्याला. एवढं ऐकून मी कोपऱ्यावरच्या चांभाराकडे गेलो आणि मास्तरांच्या चपलेचा उसवलेला अंगठा शिवून घेतला. तो म्हणाला, “टाचाही बदलतो, पार गेल्यात.” म्हटलं, टाचांना हात लावू नका, त्या वरातींत झिजल्यात. मग पोस्टात जाऊन पार्सल केलं: बळीराम मास्तर, मारुतीच्या देवळाजवळ, जळगाव जामोद.